आप्पांसाठी मटण

काट्यावर आप्पा उभे होते आणि त्यांच्या पाठीमागं हाताच्या अंतरावर मी. ते डावीकडे कलत होते, पण त्यांना धरायचं नव्हतं. धरलं असतं तर वजन चुकलं असतं.

"छत्तीस आठशे," नर्स म्हणाली.

डॉक्टर हेरवाडकरांनी आकडा फाइलमध्ये लिहिला आणि मागचं पान उलटून बघितलं. आठ दिवसांपूर्वी तिथं अडतीस लिहिलेलं होतं.

"कुंदाताई, यांच्या पोटात काय जातंय?"

"पेज. मुगाचं पाणी. दूध दिलं की उलटून पडतं. अंड्याचा वास सहन होत नाही."

"हे पुरणार नाही. नाकातून नळी घालू या परत."

आप्पांनी मान हलवली. नळी त्यांनी दोनदा स्वतःच्या हातानं उपसून काढली होती. दुसऱ्यांदा रक्त आलं होतं.

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. त्या कडक होत्या, पण आवाज चढवत नसत. "आजोबा, ऑपरेशन होऊन तीन आठवडे झाले. सहाव्या आठवड्यापर्यंत रेडिएशन सुरू व्हायला पाहिजे, नाहीतर जे काढलंय ते परत येईल. आणि या वजनावर मी रेडिएशन देणार नाही. तुम्हाला ते झेपायचं नाही. निदान एकोणचाळीस-चाळीस करून आणा."

कोल्हापूरहून गडहिंग्लजला परत येताना एसटीत आप्पा खिडकीला डोकं टेकून बसले होते. उजवा गाल आणि त्याखालचा जबडा काढून टाकलेला, तोंडावर मफलर. निपाणी मागं पडल्यावर त्यांनी मफलर जरा खाली केला आणि म्हणाले, "मटण खाईन."

ऑपरेशननंतर त्यांचं बोलणं जड झालं होतं. मी दोनदा विचारलं तेव्हा कळलं.

या गोष्टीला आता तेरा वर्षं झाली. मी तेव्हा बेचाळीस वर्षांची होते आणि गडहिंग्लजच्या एका हायस्कुलात दहावीला गणित शिकवत होते. लग्न केलं नव्हतं. आई कधीच गेलेली. घरात मी आणि आप्पा दोघंच. धाकटा भाऊ जयवंत पुण्याला एका कंपनीत होता, त्याचा संसार तिकडं.

आप्पा म्हणजे ज्ञानू पोवार आचारी. आसपासच्या चाळीस गावांत जत्रा असो, देवीची म्हाई असो, कुणाच्या नातवाचं जावळ असो, मटण आप्पांचंच. दोनशे माणसांच्या जेवणाला ते मीठ हातानं टाकायचे आणि चव न बघता सांगायचे, बसलं म्हणून. चुलाणासमोर तास न् तास उभं राहताना गालात तंबाखू असायची. तिनंच घात केला.

घरी आल्यावर मी मुल्लाणींकडून अर्धा किलो फऱ्याचं, खांद्याकडचं मटण आणलं आणि प्रेशर कुकरला लावलं. आठ शिट्ट्या केल्या, वर आणखी चार. मटण शिजलं, पण कुकरात शिजलेल्या मटणाचे दोरे सुटतात. दात असणाऱ्याला ते जाणवत नाहीत. आप्पांच्या पहिल्याच घासाचा दोरा टाक्यांजवळ अडकला. ते खोकायला लागले, काळेनिळे पडले. मी बोट घालून तो दोरा काढला. मिक्सरमधून फिरवून दिलं तर म्हणाले, "चिखल हाय ह्यो."

दुसऱ्या दिवशी रविवार होता. आप्पांनी खुर्ची स्वयंपाकघराच्या दारात ठेवायला सांगितली आणि माळ्यावरचं बिडाचं भांडं काढायला लावलं.

ते भांडं घरात फार जुनं. कोल्हापूरच्या उद्यमनगरातल्या एका फाउंड्रीवाल्याच्या मुलीच्या लग्नात आप्पांनी जेवण केलं होतं, त्यानं खूश होऊन खास ओतून दिलेलं. खोल, काळं, चार बोटं रुंद काठाचं, आणि झाकण इतकं जड की मला दोन्ही हात लागत. मी ते घासलं, तेल लावून तापवलं.

"गॅस बारीक," आप्पा म्हणाले. "कांदा पयला. हलवत ऱ्हा."

कांदा लाल झाला, मग आलं-लसूण, मग मटण. "पाणी नको. त्याचं त्येला सुटू दे." मटणाच्या बाजू तपकिरी होईपर्यंत त्यांनी मला पाणी घालू दिलं नाही. मग कपभर गरम पाणी, झाकण, झाकणावर पाणी, भांड्याखाली जुना तवा. दर पाव तासानं त्यांचं बोट हलायचं, मी झाकण काढून ढवळायची. बीड एकदा तापलं की सोडत नाही, त्यामुळं गॅस अगदी कणभर ठेवावा लागे आणि लक्ष हटलं की खाली धरे. चार तास लागले. चमच्याच्या पाठीनं दाबलं तर तुकडा लोण्यासारखा बसला, एकही दोरा नाही.

आप्पांनी नऊ चमचे खाल्ले. मी मोजले.

सोमवारी माझी शाळा होती. ऑपरेशनच्या वेळी माझ्या सगळ्या रजा संपल्या होत्या आणि दहावीची परीक्षा महिन्यावर आली होती. मुख्याध्यापक चव्हाणसर म्हणाले, "मॅडम, आता बिनपगारीच घ्यावी लागेल, आणि ती मी वर पाठवली तरी मंजूर व्हायला पंधरा दिवस जातील. तुमच्या जागी गणिताला माणूस कुठून आणू?" शेजारच्या मालनवहिनी दुपारी आप्पांना पेज द्यायला यायच्या, तेवढंच त्यांच्याच्यानं होई. गुडघे गेलेले. मी त्यांना भांड्यावर लक्ष ठेवायला बसवून बघितलं. पहिल्याच दिवशी त्यांना डुलकी लागली आणि सगळं मटण बुडापासून जळालं.

मी जयवंतला फोन केला आणि फोनवरच रडले. तो पुढच्या शनिवारी आला, मोठं खोकं घेऊन.

"अक्का, हा स्लो कुकर. साहेबांनी लंडनहून आणलेला, त्यांच्याकडं पडूनच होता." त्यानं ओट्यावर ते यंत्र मांडलं. बाहेर पत्रा, आत चिनीमातीचं जाड लंबगोल भांडं, वर काचेचं झाकण. समोर एकच बटण, बंद, कमी आणि जास्त. प्लगच्या तीन चौकोनी पिना आपल्या बोर्डात बसत नव्हत्या म्हणून त्यानं अडॅप्टरही आणला होता. "सकाळी आठला सगळं आत टाकायचं, 'कमी'वर ठेवायचं आणि शाळेला जायचं. संध्याकाळी आलीस की तयार. ढवळायचं नाही, बघायचं नाही, खाली लागत नाही."

आप्पा दारातल्या खुर्चीवरून बघत होते. "जाळ कुठं हाय?"

"विजेवर चालतं, आप्पा. आतली तार हळूहळू तापते. तुमच्या चुलीसारखंच, नुसतं जाळ दिसत नाही."

"झाकणातनं वाफ जाती का?"

"नाही जात. म्हणून तर मऊ होतं."

"वाफ गेली न्हाई तर पाणी आटंल कसं?"

"आटत नाही. पण मटण शिजतं ना, ते महत्त्वाचं."

"शिजतं," आप्पा म्हणाले. "उकडल्यालं बी शिजल्यालंच असतंय."

जयवंत माझ्याकडं बघून हसला. मला हसू आलं नाही. मला ते यंत्र बघून पाया पडावंसं वाटत होतं. त्यातल्या आठ तासांत मी शाळा करू शकत होते.

रविवारी दुपारी जयवंत परत गेला आणि सोमवारपासून मी ते लावायला लागले. मटण खरंच मऊ व्हायचं, बिडातल्यापेक्षाही मऊ. हाडावरून आपोआप सुटून पडायचं. पण ते पांढरट पडायचं आणि रस्सा पाण्यासारखा. आप्पा दोन चमचे घेत, तिसरा तोंडात धरून ठेवत आणि रुमालात काढत.

"काय झालं?"

"कच्चा वास येतोय. कांद्याचा."

मग मी पहाटे पाचला उठायला लागले. कांदा आणि मटण आधी बिडात परतायचं, तपकिरी करायचं, आणि मग ते चिनीमातीच्या भांड्यात ओतायचं. त्यानं फरक पडला. आप्पा चार चमचे खायला लागले, एकदा पाच. पुढच्या आठवड्यात बुधवारी गावातल्या दवाखान्यात वजन केलं. छत्तीस पाचशे.

वाढलं नव्हतंच. आणखी तीनशे ग्रॅम गेलं होतं. आणि ऑपरेशनला साडेपाच आठवडे उलटले होते.

त्या बुधवारी संध्याकाळी मी वाटी घेऊन आप्पांच्या समोर बसले. त्यांनी एक चमचा घेतला, तोंड मिटलं आणि मान फिरवली.

"आप्पा, खा."

मान हलली.

"आणखी दोन. माझ्यासाठी."

"जात न्हाई."

मी वाटी जमिनीवर आपटली. रस्सा भिंतीवर उडाला. "जगायचंच नसेल तर तसं सांगा," मी म्हणाले. "मी पहाटे पाचला उठते. दिवसभर शाळेत उभी असते आणि डोळ्यांसमोर काटा असतो. तुम्हाला मरायचंय तर मरा, पण मला असं रोज थोडं थोडं बघायला लावू नका." हे सगळं मी माझ्या बापाला म्हणाले. तोंड अर्धं नसलेल्या माणसाला. मग भिंतीला टेकून जमिनीवर बसले आणि मोठ्यांदा रडले. बऱ्याच वेळानं उठून, भिंत धरत धरत, फडकं आणून आप्पांनी माझ्या शेजारी ठेवलं.

दुसऱ्या दिवशी गुरुवार. पहाटे कांदा परतला, मुल्लाणींनी दुकान उघडताच मटण आणून परतलं, भांड्यात ओतलं, आठ वाजता बटण 'कमी'वर फिरवलं आणि शाळेला गेले. भारनियमनाचं वेळापत्रक मी स्वयंपाकघराच्या दारावर चिकटवलं होतं. गुरुवारी दिवसा आमच्याकडं लाईट जात नसे.

साडेपाचला घरी आले तेव्हा मालनवहिनी त्यांच्या फाटकात उभ्या होत्या. "आज काय उकाडा बाई. डीपी जळाली चौकातली. साडेनवाला गेलेली लाईट, तीन वाजता आली."

मी चप्पल न काढता आत गेले. कुकरचा दिवा चालू होता. काचेच्या झाकणाला आतून वाफ धरली होती. भांड्याला हात लावला, गरम होतं. बाहेरून बघणाऱ्याला कळलंच नसतं की मध्ये काही झालं होतं. घड्याळ नसलेलं साधं यंत्र ते, लाईट आली की मुकाट्यानं पुन्हा सुरू होणारं.

मी झाकण उचललं आणि वास घेतला. मटणाचा, लसणाचा. त्याच्या खाली काहीतरी होतं का? होतं, अगदी पुसट, आंबूस म्हणावं तर आंबूस. मी एक बोट चाटून बघितलं. काही कळलं नाही. साडेपाच तास ते मटण नुसतं कोमट पडून होतं, मार्चच्या उकाड्यात. मी गणिताची मास्तरीण होते, साडेनऊ ते तीन म्हणजे किती तास होतात ते मला कळत होतं.

पण घरात दुसरं काही नव्हतं. मटण पुन्हा आणायचं, पुन्हा शिजवायचं, तर आप्पांचं जेवण आज होणार नव्हतं. आणखी एक दिवस गेला असता. मी ते पातेल्यात काढून गॅसवर ठेवलं, दहा मिनिटं खळखळ उकळलं, वरून लसूण-मिरचीची फोडणी दिली. उकळलं म्हणजे झालं, असं मी स्वतःला सांगितलं.

आप्पांना वाटी दिली. त्यांनी वाटीकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं. मग पहिला चमचा घेतला, थांबले, गिळला. दुसरा घेतला. तिसरा. मी पुढ्यात बसून मोजत होते. दहा झाले. बारा झाले. वाटी संपली. आप्पांनी वाटी पुढं केली. मी आणखी वाढलं, तेही त्यांनी संपवलं. महिन्याभरात पहिल्यांदा.

मला इतका आनंद झाला की मी जयवंतला फोन केला. "आज दोन वाट्या खाल्ल्या," म्हणाले. तो म्हणाला, "बघ, मी सांगत होतो. मशीन चांगलं आहे."

पहाटे साडेचारला आप्पांच्या खोलीतून आवाज आला. ते पलंगाच्या कडेला वाकले होते. उलटी टाक्यांतून, नाकातून येत होती, कारण त्यांना तोंड नीट उघडता येत नव्हतं. अंथरूण भिजलं होतं. सात वाजता त्यांना ताप भरला आणि हात गार पडले. मालनवहिनींच्या जावयानं रिक्षा आणली. गावातल्या दवाखान्यात सलाईन लागेना, शीर सापडेना. तिथले डॉक्टर म्हणाले, कोल्हापूरला हलवा. रुग्णवाहिकेत मी आप्पांची मनगटं चोळत होते. नाडी लागते का बघत होते आणि मला माझीच लागत होती.

चार दिवस ते अतिदक्षता विभागात होते. जयवंत पहिल्याच दिवशी दुपारपर्यंत पोचला. डॉक्टर हेरवाडकर आल्या तेव्हा आम्ही दोघं पलंगाशेजारी उभे होतो.

"विषबाधा आहे," त्या म्हणाल्या. "अन्नातूनच. काल नक्की काय खाल्लं यांनी? नीट सांगा, त्यावर औषध ठरतं."

"मटण," मी म्हणाले. "रोजच्यासारखंच."

"ताजं होतं?"

"काल सकाळीच आणलेलं."

यात एकही शब्द खोटा नव्हता. डॉक्टर वाट बघत राहिल्या. माझ्या तोंडात लाईट हा शब्द आला होता. जयवंत माझ्याकडं बघत होता.

तेव्हा पलंगावरून आप्पांचा आवाज आला. डोळे अर्धवट मिटलेले होते. "दही."

"काय म्हणताय, आजोबा?"

"दही खाल्लं. फडताळातलं. शिळं हुतं."

जयवंत संतापला. "आप्पा, घरी अक्का एवढं करून घालते आणि तुम्ही चोरून शिळं दही खाता? लहान आहात का तुम्ही?"

आमच्या घरात त्या आठवड्यात दही नव्हतंच. दूध उलटून पडतं म्हणून मी घेणंच बंद केलं होतं. मला वाटलं, तापात त्यांना भास होतोय. मी काही बोलले नाही. डॉक्टरांनी लिहून घेतलं.

पाचव्या दिवशी त्यांना साध्या खोलीत हलवलं. वजन चौतीस सातशे. डॉक्टर हेरवाडकर मला बाहेर घेऊन म्हणाल्या, "सहा आठवड्यांची मुदत आता पाळता येणार नाही. घरी न्या. वाढलं तर बघू. नाही वाढलं, तर त्रास न होऊ देणं एवढंच आपल्या हातात." जयवंत पुण्याला गेला, त्याचंही काम अडलेलं होतं. जाताना म्हणाला, "अक्का, फडताळाला कुलूप लाव."

मी शाळेत जाऊन बिनपगारी रजेचा अर्ज टेबलावर ठेवला. चव्हाणसर म्हणाले, मंजूर होईपर्यंत तरी या. मी म्हणाले, "सर, मंजूर झाली नाही तर मला काढून टाका." त्यांनी अर्ज घेतला. माझे तास नंतर त्यांनी स्वतः घेतले, हे मला पुढं कळलं.

मग रोज सकाळी बिडाचं भांडं गॅसवर आणि आप्पा दारातल्या खुर्चीवर. स्लो कुकर मी खोक्यात घालून ठेवला होता. ते यंत्र मला डोळ्यांसमोर नको होतं, खरं म्हणजे त्याचा काही दोष नव्हता. लाईट असती तर त्यानं आपलं काम केलंच असतं.

आप्पांच्यात आता बसायचंही त्राण नव्हतं. पाठीला उशी, मानेला उशी. पहिले दोन दिवस नुसता रस्सा गेला. तिसऱ्या दिवशी अर्धा चमचा मटण. मी दर पाव तासानं ढवळत होते आणि मधल्या वेळात आम्ही गप्प बसत होतो. ते गप्प बसणं मला सहन होईना. चौथ्या दिवशी झाकणावर पाणी घालताना, त्यांच्याकडं पाठ करून, मी म्हणाले, "आप्पा, त्या दिवशी लाईट गेली होती. साडेनऊपासून तीनपर्यंत."

"व्हय."

"मला माहीत होतं. मालनवहिनींनी फाटकातच सांगितलं. वासही आला होता मला. तरी मी तुम्हाला ते वाढलं."

भांड्यात रस्सा हळू आवाज करत होता. मी वळले नाही.

"माझ्या डोस्क्यावर पंखा हाय," आप्पा म्हणाले. त्यांना एकेक शब्द जमवायला वेळ लागत होता. "त्यो बंद पडला, तवाच कळलं. उठलो. हितवर आलो. म्हटलं, मटान गॅसवर घ्यावं. ते चिनीमातीचं भांडं उचलंना मला. दोनदा बघितलं. मालन बी कुठं गेल्ती, ती पेज घिऊन आली तवर उशीर झाल्ता. मग बसलो जाऊन."

मी वळले. "मग मी आल्यावर सांगितलं का नाही?"

"सांगणार हुतो."

"मग?"

"तू वाटी घिऊन आलीस. वास आला मला. चाळीस वरसं मटान शिजवलंय, कुंदे, मदीच थांबल्यालं मटान मला कळत न्हाई व्हय?" ते दम खायला थांबले. "म्हटलं, हिला ठाव न्हाई. सांगितलं तर ही परत खाली बसंल, भितीला टेकून. कालच्यागत. म्हटलं, आज खाऊन टाकू. पोरगी एक रात झोपंल."

मी हातातला डाव खाली ठेवला हे मला आठवतं. कुठं ठेवला ते नाही.

"आणि दही?"

"डाक्टरीण तुझ्याकडं बघत हुती," आप्पा म्हणाले. "जयवंता बी."

मग त्यांनी बोट हलवलं. ढवळायची वेळ झाली होती. मी झाकण काढलं, ढवळलं, परत झाकलं. वाफेनं चष्मा भरला होता, तो पुसला नाही, कारण पुसून काही उपयोग नव्हता.

त्या दुपारी आप्पांनी चार चमचे खाल्ले. दुसऱ्या दिवशी सहा. मी मोजणं सोडून द्यायचं ठरवलं आणि मोजतच राहिले. दिवसातून पाच वेळा, थोडं थोडं, दर वेळी गरम. कधी फऱ्याचं, कधी नळीचं, एकदा त्यांनी सांगितलं म्हणून पाया, ज्याला सहा तास लागले. सतरा दिवस मी घराबाहेर पडले ती फक्त मुल्लाणींकडं.

अठराव्या दिवशी आम्ही कोल्हापूरला गेलो. आप्पा काट्यावर उभे राहिले आणि नर्स म्हणाली, "अडतीस दोनशे."

डॉक्टर हेरवाडकरांनी काटा स्वतः वाकून बघितला. "उशीर झालाय," त्या म्हणाल्या, "फार झालाय. पण आता आणखी थांबण्यात अर्थ नाही. सोमवारी सुरू करू." त्या फाइल मिटायला लागल्या.

"डॉक्टर, एक सांगायचं राहिलंय," मी म्हणाले. "यांनी दही खाल्लं नव्हतं. कुकर साडेपाच तास बंद होता. ते मटण मी वाढलं होतं, मला माहीत असताना."

आप्पा भिंतीवरच्या तक्त्याकडं बघत बसले.

डॉक्टरांनी फाइल पुन्हा उघडली, मागचं पान काढलं, दही या शब्दावर रेघ मारली आणि वर काहीतरी लिहिलं. "बरं झालं सांगितलंत," त्या म्हणाल्या. "पुढच्या दीड महिन्यात यांना जरा काही झालं तर मला पहिल्या तासात खरं कळलं पाहिजे." एवढंच. मला आणखी काहीतरी हवं होतं, शिक्षा किंवा माफी, पण त्यांच्याकडं बाहेर रांग होती.

जयवंतला मी त्याच संध्याकाळी फोनवर सांगितलं. त्यानं फोन ठेवून दिला. आठ दिवस त्यानं माझा फोन उचलला नाही. नवव्या दिवशी तो रजा टाकून आला आणि रेडिएशनच्या उरलेल्या सगळ्या खेपांना आप्पांना तोच घेऊन गेला. त्या दिवसाबद्दल आम्ही भावंडं पुन्हा कधी बोललो नाही.

आप्पा त्यानंतर अडीच वर्षं जगले. शेवटी गेले ते त्याच आजारानं, तो परत आला तेव्हा. मी आधी नीट वागले असते, माझ्या चुकीनं ते तीन आठवडे वाया गेले नसते, तर आणखी किती जगले असते, हे मी एकदा डॉक्टर हेरवाडकरांना विचारलं. त्या म्हणाल्या, ते सांगता येत नाही. मला वाटतं, त्यांना सांगता येत होतं.

पण मला सांगायचंय ते त्या वजनाच्या दिवसाचं. डॉक्टरांच्या खोलीतून बाहेर पडल्यावर आप्पा दवाखान्याच्या कँटीनसमोर थांबले. आत जाऊन खुर्चीवर बसले आणि मला समोर बसायला लावलं.

"काय घेऊ तुमच्यासाठी? चहा?"

त्यांनी मान हलवली. "तू जेवलीस का?"

"घरी गेल्यावर जेवेन."

"काल जेवलीस?"

मला आठवेना. मी खरंच आठवायचा प्रयत्न केला. गेल्या सतरा दिवसांत ताट वाढून घेतल्याचं मला एकदाही आठवेना. पोळी उभ्यानं खाल्ली असेल, ओट्याशी.

आप्पांनी पोऱ्याला नाही, थेट गल्ल्यावरच्या माणसाला हात केला आणि जड जिभेनं दोनदा सांगून थाळी मागवली. चपाती, उसळ, भात, आमटी. ती माझ्यापुढं आली. आप्पांनी मफलर नीट केला, दोन्ही हात टेबलावर ठेवले आणि माझ्या ताटाकडं बघत बसले. घरी जायची एसटी चुकली, तरी मी शेवटचा भात संपवेपर्यंत ते जागचे उठले नाहीत.